तळहाताखालची घरघर

माझ्या आधीच्या लॅपटॉपवर टाईप करताना डावा तळहात जिथे टेकायचा, त्याच्या बरोबर खाली हार्ड डिस्क होती. ती फिरत असली की तळहाताला बारीक थरथर जाणवायची. काही शोधायला लागली की आतून कटकट ऐकू यायची, आधी सुटी सुटी, मग सलग घरघर. घरघर सुरू झाली की मी बोटं उचलून घ्यायचे. आता अर्धा मिनिट तरी काही होणार नाही, हे पडद्याच्या आधी तळहाताला कळायचं.

तो लॅपटॉप मी पुष्कळ चौकशी करून घेतला होता. बारा वर्षं झाली त्याला. प्रोसेसर त्या वर्षीचा वरच्या वर्गातला होता आणि तो परवडावा म्हणून बाकीचे दोन आकडे मी खाली आणले होते: मेमरी (चालू काम मांडून ठेवायची जागा) ४ जीबी आणि डिस्क (कायमची साठवण) मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असं जो तो सांगत होता. मेंदू चांगला घ्यावा, बाकीचं चालून जाईल, हा माझा हिशेब. तो चुकला. त्याची किंमत मी एकटीनं मोजली असती तर आज इतकं लागलं नसतं. ती बाबांनी मोजली.

त्या वर्षी बाबांनी आठवणी सांगायला घेतल्या होत्या. हात कापायचा म्हणून त्यांना लिहिता येत नव्हतं. ते खुर्चीत बसून सांगायचे, मी टाईप करायचे. बाबांची वाक्यं लांब असायची. एकाच वाक्यात माणूस यायचा, त्याचा स्वभाव यायचा, त्या दिवशीचं ऊन यायचं आणि मग कधीतरी क्रियापद. नेमकं मधेच घरघर सुरू व्हायची. मागे अँटिव्हायरसची तपासणी चाललेली असायची, नाहीतर एखादं अपडेट, नाहीतर माझीच फाईल सेव्ह होत असायची. अक्षरं उमटायची थांबायची. "बाबा, एक मिनिट," मी म्हणायचे. बोलताना उचललेला हात तसाच अधांतरी धरून ते थांबायचे. मशीन सुटलं की मी मान हलवायचे आणि ते विचारायचे, "कुठे होतो आपण?" बऱ्याचदा परत तिथे पोचता यायचं नाही.

ती फाईल माझ्याकडे आहे. मुद्रितशोधन हेच माझं काम, त्यामुळे वाक्याची लांबी लगेच नजरेत भरते. पहिल्या तीसेक पानांत वाक्यं तीन-तीन, चार-चार ओळींची आहेत. पुढे ती आखूड होत गेली आहेत. शेवटी शेवटी तर 'मी गेलो. साहेब नव्हते. परत आलो.' एवढंच. थकवा होताच, नाही असं नाही. पण मशीनला सोसेल एवढंच बाबा बोलायला लागले होते, हेही खरं आहे. टाईप करताना ते माझ्या लक्षात आलं नाही. पुढे वाचायला बसले तेव्हा आलं.

म्हणून गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला आणि तिनं विचारलं, "मावशी, लॅपटॉप घ्यायचाय, प्रोसेसर कुठला घेऊ?" तेव्हा मला एकदम उत्तर देववेना. मी तिला उलट विचारलं, "आत्ताचा तुझा लॅपटॉप कशासाठी थांबतो?" तिला प्रश्नच कळला नाही. स्लो आहे, एवढंच ती म्हणाली. सगळे तेवढंच म्हणतात, मीही म्हणत होते.

स्लो म्हणजे काय, हे मला त्या जुन्या लॅपटॉपच्या टास्क मॅनेजरनं दाखवलं. आतला कुठला भाग किती कामात आहे ते टक्क्यांत दाखवणारी ही खिडकी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजवर ती खिडकी उघडते. मॅकवर तेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. बाबा खोळंबले असताना एकदा मी ती उघडली. प्रोसेसर ९ टक्के. डिस्क १०० टक्के. ज्याच्यासाठी मी एवढे पैसे घातले होते तो जवळजवळ रिकामा बसला होता आणि तळहाताखालची तबकडी जिवाच्या आकांतानं फिरत होती.

तिचा दोष नव्हता. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर तबकडीवर कुठेही असू शकतो, त्यामुळे तो वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद वाट बघायची. त्याआधी ते डोकं योग्य वर्तुळावर सरकवायचं, त्याला आणखी दहा-बारा. म्हणजे एक तुकडा आणायला सोळाएक मिलिसेकंद. सेकंदाला असे साठ-बासष्ट तुकडे, त्यापलीकडे तिची धाव नाही. सलग साठवलेली एक मोठी फाईल वाचायची असली तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. विखुरलेले ४ केबीचे तुकडे गोळा करायचे असले तर अडीचशे केबीवर येते, चारशेपट कमी. आणि लॅपटॉप सुरू होताना, प्रोग्राम उघडताना, अँटिव्हायरस चालताना बहुतेक काम या विखुरलेल्या तुकड्यांचंच असतं.

सोळा मिलिसेकंद म्हणजे आपल्या लेखी काहीच नाही, डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. पण प्रोसेसरच्या बाजूनं बघा. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज ठोके टाकतो. त्याचा एक ठोका आपण एक सेकंद धरला, तर रॅममधून, म्हणजे मेमरीतून, काही मागवल्यावर ते यायला चारेक मिनिटं लागतात. एसएसडीकडून, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या डिस्ककडून, मागवलं तर साडेतीन दिवस. हार्ड डिस्ककडून मागवलं तर दीड वर्ष. मी हा गुणाकार पहिल्यांदा वहीत केला तेव्हा शून्यं चुकली असतील म्हणून परत केला. दीड वर्षच येतं.

हे असं का झालं, याचं उत्तर मला यंत्रांच्या इतिहासात मिळालं. आयबीएमनं १९५६ साली रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, मिनिटाला १२०० फेऱ्या, आणि एवढ्या सगळ्या पसाऱ्यात मावणारी अक्षरं ५० लाख. तिथून माझ्या लॅपटॉपपर्यंत येता येता साठवण लाखपटींनी वाढली, पण फेऱ्या १२०० वरून ५४०० वर आल्या, साडेचार पट. फिरती तबकडी शेवटी फिरती तबकडी, ती किती वेगानं फिरवणार? प्रोसेसरला असली काही अडचण नव्हती, तो कुठल्या कुठे निघून गेला. दोघांमधलं हे अंतर दर वर्षी वाढत होतं आणि मी त्या अंतराचं नेमकं चुकीचं टोक धरून पैसे घातले होते.

संगणकशास्त्रात याला एक जुना नियम आहे, जीन अमडाल यांनी १९६७ साली मांडलेला. मूळ मांडणी अनेक प्रोसेसर एकत्र लावण्याबद्दलची होती, पण त्यातला हिशेब कुठल्याही खोळंब्याला लागू पडतो. बाबांची फाईल उघडायला वीस सेकंद लागायची. समजा त्यातली अठरा डिस्कची आणि दोन प्रोसेसरची. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तर वीसाची एकोणीस होणार. प्रोसेसर तोच ठेवून डिस्क दहापट वेगाची आणली तर चार सेकंदांच्या आत काम उरकणार. जो भाग मुळातच थोडा वेळ खातो, तो कितीही सुधारला तरी हाती फारसं लागत नाही.

शेवटी मी ती डिस्क बदलली. लॅपटॉप उपडा ठेवून मागचे स्क्रू काढले आणि कुठला कुठून निघाला ते कळावं म्हणून कागदावर चौकोन काढून त्या त्या जागी मांडून ठेवले. डिस्क एका पत्र्याच्या कोंदणात बसवलेली होती, दोन्ही बाजूंना दोन-दोन बारके स्क्रू. कोंदणासकट ती कनेक्टरमधून आडवी सरकवून काढायची, वर उचलायची नाही. हातात घेतली तेव्हा ती अजून कोमट होती. तिच्या जागी आलेली एसएसडी तेवढ्याच आकाराची, पण वजनाला काहीच नाही. आत फिरणारं काही नसतं, तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीच्या चिपा फक्त. झाकण लावून बटण दाबलं. आधी दोन-सव्वादोन मिनिटं लागायची, आता वीस सेकंदांत पडदा समोर. प्रोसेसर तोच, मेमरी तीच. तळहाताखाली काहीही हललं नाही.

तेव्हा बाबा जाऊन आठ महिने झाले होते.

मेमरीचं गणित कळायला मला आणखी वेळ लागला. डिस्क बदलल्यावरही दुपारपर्यंत काम करत गेलं की लॅपटॉप जड व्हायचा. एका खिडकीत तीनशे पानांचा मजकूर, दुसरीत पीडीएफ, ब्राउझरमध्ये शब्दकोशांच्या पंधरा-वीस खिडक्या. ४ जीबी भरली की संगणक काम नाकारत नाही, तो मेमरीतला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. मँचेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅटलास या संगणकानं ही युक्ती १९६२ साली केली, तीच आजही चालते. नेण्या-आणण्याच्या या तुकड्यांना त्यांच्या भाषेतही 'पानं'च म्हणतात, बहुधा ४ केबीचं एक पान. युक्ती उत्तम आहे, पण काही मर्यादेपर्यंतच. एक पान आणायला दुसरं बाहेर काढावं लागतं आणि बाहेर काढलेलं पुढच्याच क्षणी लागतं, असं सुरू झालं की यंत्राचा सगळा वेळ नुसत्या ने-आणीत जातो. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच त्याची नीट फोड करून दाखवली होती. मूळ लॅपटॉपची घरघर हीच होती. मेमरी तोकडी, म्हणून बोजा डिस्कवर, आणि डिस्क मंद. दोन आकडे मी सुटे सुटे कमी केले होते, त्यांनी एकत्र येऊन माझी अडवणूक केली.

विंडोज ११साठी किमान मेमरी ४ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगते. किमान म्हणजे लॅपटॉप सुरू होईल एवढी. त्यावर कुणाला दिवसभर काम करता येईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं, "उद्या काम करताना ती खिडकी उघडी ठेव आणि अडकलं की बघ." ती पक्ष्यांच्या आवाजांवर अभ्यास करते. रानात रेकॉर्डर लावून ठेवायचे, रात्रभराचं ध्वनिमुद्रण आणायचं आणि त्याच्या आलेखात कुणाचा आवाज कुठे दिसतो ते शोधायचं. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला: प्रोसेसर २२ टक्के, मेमरी ९३, डिस्क खालीवर. तिच्या लॅपटॉपात एसएसडी होती, मेमरी ८ जीबी. मग तिचं गणित आम्ही दोघींनी मिळून केलं. सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना तीन बाइटांचा, म्हणजे तासाभराच्या ध्वनिमुद्रणाची फाईल ५०० एमबीच्या वर. तिचा प्रोग्राम ती उघडताना प्रत्येक नमुना चार बाइटांत मांडतो, म्हणजे मेमरीत ७०० एमबीच्या जवळपास. आलेखाला लागते ती जागा वेगळीच. तुलनेसाठी चार तास शेजारी शेजारी उघडले की ८ जीबीतलं उरलंसुरलं संपलं.

"मग तू करतेस काय?" मी विचारलं.

"दहा-दहा मिनिटांचे तुकडे करते गं. आणि सगळे नाही बघत. ज्या वेळेला पक्षी बोलतात तेवढेच."

मला बाबांची शेवटची पानं आठवली.

मग आम्ही तिनं निवडलेले लॅपटॉप बघायला घेतले. पहिला होता तो अतिशय पातळ, देखणा, प्रोसेसर सगळ्यांत वरचा आणि मेमरी ८ जीबी, मदरबोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला पक्की जोडलेली. यावर मात्र मी अडून बसले. एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत पुढे बदलता येते. प्रोसेसर बदलता येत नाही, पण तो थोडा कमी असला तर काम सावकाश होतं, अडत नाही. सोल्डर केलेली मेमरी घेतली तेवढीच जन्मभर, आणि ती कमी पडली की अडतंच. त्यामुळे मेमरीची पट्टी बसवायला स्लॉट, म्हणजे खाच, नसेल तर आज लागते त्यापेक्षा जास्त मेमरी आजच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. स्लॉट असेल तर पट्ट्या एकीऐवजी दोन असलेल्या बऱ्या. प्रोसेसरला दोन वाटांनी मेमरीशी बोलता येतं, आणि लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्राचं कामही त्याच मेमरीतून चालतं, त्यामुळे फरक आणखी दिसतो.

प्रोसेसरच्या नावांनी ती गोंधळली होती आणि त्यात तिची काही चूक नाही. सात मोठे की पाच, एवढ्यावर ठरवायला गेलं तर फसायला होतं. इंटेलच्या २०१६ सालच्या आय-सेव्हन ७५००यू मध्ये कोअर, म्हणजे एकाच वेळी कामं करणारे आतले भाग, दोन होते, पुढच्याच वर्षीच्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि ७५४०यू एकाच मालिकेतले वाटतात, पण पहिल्यात २०१९ची झेन २ रचना आहे आणि दुसऱ्यात २०२२ची झेन ४. तिथे सगळा फरक तिसऱ्या अंकात आहे. शिवाय तोच प्रोसेसर पातळ अंगाच्या लॅपटॉपात आणि जाड अंगाच्या लॅपटॉपात सारखा धावत नाही. जाहिरातीतला गिगाहर्ट्झचा मोठा आकडा थोडा वेळ टिकणारा असतो. मग उष्णता वाढते, पंखा भिरभिरतो आणि प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. व्हिडिओचं संकलन, त्रिमितीतली कामं, तासनतास चालणारी आकडेमोड करणाऱ्यांनी प्रोसेसरवर जरूर पैसे घालावेत, त्यांची टक्केवारी तिथेच शंभरला टेकलेली असते. भाचीची बाविसावर होती.

एसएसडीबद्दल फार वेळ घालवला नाही. आहे एवढं बघितलं, आणि ती ई-एमएमसी नाही हे बघितलं. स्वस्तातल्या काही लॅपटॉपांत ई-एमएमसीची चिप असते, तीही बोर्डावर पक्की बसवलेली, आणि तिला एसएसडीची सर येत नाही. सेकंदाला ३५०० एमबी आणि ७००० एमबी या आकड्यांवरून तिची एक मैत्रीण वाद घालत होती. हे आकडे सलग वाचनाचे. विखुरलेल्या तुकड्यांच्या वेळी या दोन्ही एसएसडी शंभर एमबीच्या खालीच घुटमळतात, त्यामुळे रोजच्या कामात दोघींतला फरक डोळ्याला दिसणं कठीण. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं हे दीड वर्षावरून साडेतीन दिवसांवर येणं होतं. तशी उडी पुन्हा दिसलेली नाही.

हार्ड डिस्क मात्र मी टाकून दिलेली नाही. कोंदणातून काढलेली ती आता एका बाहेरच्या डबीत आहे आणि दर रविवारी तिच्यावर सगळ्याची प्रत काढते. एसएसडी जाते तेव्हा पुष्कळदा काही न सांगता जाते. आत साठवलेलं दुसऱ्या कुठल्यातरी जागी असायलाच हवं. प्रत काढताना ती टेबलावर ठेवली की पुन्हा तीच थरथर लाकडातून हाताला लागते. तिच्यात बाबांची फाईल तिच्या मूळ तारखेसकट आहे.

भाचीनं शेवटी दुसरा लॅपटॉप घेतला. जरा जाड, प्रोसेसर मधल्या वर्गातला पण नव्या पिढीचा, १६ जीबी मेमरी आणि एक स्लॉट मोकळा. ती हौसेनं घेतेय असं मला तिच्या आवाजावरून वाटलं नाही. पातळ लॅपटॉपवर तिचा जीव होता. मी फार रेटलं का, असंही दोन दिवस मनात येत राहिलं.

परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, खाली आलेखाचा एक फोटो. रात्रीच्या दोन ते तीनमधला अख्खा तास एका लांब पट्टीत उघडलेला. हा तास तिनं यापूर्वी कधी बघितला नव्हता, त्या वेळेला कुणी बोलत नाही म्हणून. खाली वाऱ्याचा राखाडी पट्टा, मधे किड्यांच्या समांतर रेघा, आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला, त्या सगळ्याच्या वर, एक बारीक फिकट कमान. तिच्यापुढे तीस सेकंदांनी आणखी एक.

"मावशी," तिनं लिहिलं होतं, "हे काय असेल गं?"